आबांची नजर

पुस्तकाच्या त्या पानावर मला सोळाचा आकडा धडधडीत दिसत होता, आणि माझा मुलगा म्हणत होता, काही नाही, नुसते ठिपके आहेत. मला आधी वाटलं कार्ट्याला थट्टा सुचतेय. स्वराज हल्ली माझ्याशी असंच बोलतो, अर्धं वाक्य तोंडात आणि अर्धं मोबाइलमध्ये. मी म्हटलं, "अरे नीट बघ की जरा!" तसा तो पुस्तकाला नाक लागेपर्यंत वाकला. कान तापून लालबुंद झाले होते त्याचे, आणि मग मला कळलं. डॉक्टर मृणालनं पान उलटलं, अजून एक उलटलं, मग पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. ही मृणाल माझीच विद्यार्थिनी. अलिबागच्या आमच्या कॉलेजात बारावीला पहिल्या बाकावर बसून मला प्रश्न विचारून विचारून पिडायची. आता तिच्या दवाखान्यात मी स्टुलावर आणि ती खुर्चीत. "मॅडम," ती म्हणाली, "लाल आणि हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. जन्मापासूनच असणार. बाकी डोळे उत्तम आहेत. पण मर्चंट नेव्हीच्या मेडिकलला हे चालायचं नाही." स्वराज खिडकीबाहेर बघत होता. मी विचारलं, काही औषध, चष्मा? ती थोडी हसली, म्हणाली, "मी तुम्हाला काय सांगू? हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. तुमच्या वडिलांना आहे का हो?"

तुमच्या वडिलांना! दरवर्षी दिवाळीच्या आधी मी हा धडा शिकवते. फळ्यावर चौकोन काढते, तो आजोबा, खडूनं भरून टाकते. त्याच्याखाली वर्तुळ, ती आई, तिच्या पोटात एक टिंब. त्याखाली पुन्हा चौकोन, नातू, तोही भरलेला. आजोबांचा रंगांधळेपणा मुलीकडे जातो, ती स्वतः ठणठणीत राहते आणि आपल्या मुलाच्या हाती तो ठेवते. मागच्या बाकावरून दरवर्षी कोणीतरी ओरडतोच, "म्हणजे मॅडम, चूक आईचीच!" मग मी खडू फेकून मारते. चूक कसली रे मेल्या, गुणसूत्रं काय तुझ्या आईनं बाजारात जाऊन निवडून आणली का? सगळा वर्ग हसतो, तास संपतो. मी फळा पुसते तेव्हा ती आई माझ्या साडीवर पांढरी होऊन बसते. इतकी वर्षं ती मीच आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात काय होतं? तर लोकांची अक्कल दुरुस्त करायची हौस. पेणकडचा एक बाप पोराला घेऊन आला होता, म्हणाला, मॅडम, आमच्या रक्तातच गणित नाही, ह्याला आर्ट्सला घाला. त्याला मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत झापलं. म्हटलं, रक्तात गणित नसतं, रक्तात हिमोग्लोबिन असतं, पोराला शिकवणी लावा. शेजारची सून दिवस गेल्यावर विचारायला आली, मॅडम, बाळ गोरं होईल का, तुम्हाला यातलं कळतं ना. लग्न जमवताना जो तो येतो, घराणं बघायचं का हो, तुमचं शास्त्र काय म्हणतं. मी सगळ्यांना एकच सांगते, बापांनो, हे शास्त्र फार थोडं बोलतं, बाकीचं तुम्हीच त्याच्या तोंडी घालता. आणि आज ते थोडंसं बोललं, तर माझी वाचाच बसली.

दवाखान्याच्या पायरीवरून ह्यांना फोन केला. हे पहिल्या झटक्याला म्हणाले, "आमच्याकडे कोणालाच नाही हं असलं." मी म्हटलं, माहीत आहे, तुमचा संबंधच येत नाही यात, आणि फोन ठेवला. स्वराज बाजूला उभा होता. सहावीत होता तेव्हापासून जहाजाचं वेड. मांडव्याला रो-रो बोट बघायला मला ओढत न्यायचा, खोलीत भिंतभर जहाजं. आता तो इतकंच म्हणाला, "आई, क्लासमधल्या कोणाला नको सांगूस." मला वाटलं त्याला जवळ घ्यावं, पण सतराव्या वर्षी भर रस्त्यात आईनं जवळ घेतलेलं मुलांना चालत नाही. मी म्हटलं, आज शनिवार आहे, चल, दिवेआगरला आबांकडे जाऊन येऊ. तो म्हणाला, आत्ता? कशाला? कशाला ते मला सांगता येत नव्हतं. मृणालच्या त्या एका प्रश्नानं माझ्या मनात भलतीच गोष्ट उघडली होती आणि ती आता बंद होईना. ती स्वराजच्या डोळ्यांची नव्हती. लाज वाटते सांगायला, पण पोराचं स्वप्न मोडलेलं असताना मी विचार करत होते माझ्या सँडलचा.

आबा सुपारीचं उभं पीक बघायचे. दिवेआगर, वेळास, बोर्ली, सगळ्या पट्ट्यात पोफळीच्या बागा, आम्ही त्यांना वाड्या म्हणतो. बोर्लीच्या व्यापाऱ्याचा माणूस म्हणून आबा प्रत्येक वाडीत जायचे, मान वर करून झाडाझाडाचे घड बघायचे, किती पिकलंय, किती हिरवं आहे, किती दिवसांनी उतरवायचं, आणि मग मालकाशी भाव ठरवायचे. पिकली सुपारी शेंदरी होते. हिरवी उतरवली तर वाळल्यावर आत पोकळ निघते आणि व्यापारी शिव्या घालतो. आबांनी सांगितलेलं कधी चुकायचं नाही. लोक म्हणायचे, भागोजीची नजर म्हणजे नजर. आणि या नजरवाल्या माणसाबरोबर मी असायची, पाच वर्षांची असल्यापासून. सदादादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण त्याला नाही न्यायचे, मलाच न्यायचे. गावात सगळी पोरं अनवाणी हिंडायची आणि मला मात्र आबांनी म्हसळ्याच्या बाजारातून पट्ट्याचे सँडल आणलेले, बारीक बकलाचे. वाडीत शिरलं की दहा झाडं पुढे जातो न जातो तोच आबा म्हणायचे, "थांब गो गोदू, पट्टा निसटला तुझा," आणि माझ्यासमोर उकिडवे बसायचे. मालक चार पावलं पुढे जाऊन उभा राहायचा. आबांचं डोकं माझ्या तोंडाशी यायचं, त्यांच्या केसांना खोबरेल आणि विडी यांचा वास, ओल्या पाचोळ्याचा वास, पाटाच्या पाण्याचा आवाज. पट्टा लावता लावता ते हळूच विचारायचे, "काय गो, उजवीकडलं काय म्हणतंय?" मी सांगायची, दोन पिकलेत, एक हिरवा. "आन् त्यो वाकडा?" तो पिकलाय. मला वाटायचं हा आमचा खेळ आहे. आबा माझी परीक्षा घेतात आणि मी पास होते. मग ते उठायचे, मालकाकडे जाऊन रुबाबात म्हणायचे, इकडलं आठ दिवसांत उतरवा, तो वाकडा आजच काढा. मालक मान डोलवायचा. मी इतक्या गर्वानं चालायची त्या वाडीतून, विचारू नका. आख्ख्या गावात कोणाचा बाप मुलीच्या पायाशी बसून तिच्या चपलेचा पट्टा लावायचा? कोणाचाच नाही. आई तर म्हणायची, पोरीला डोक्यावर बसवलीय. पुढे आयुष्यात जेव्हा जेव्हा कोणी मला हलकं लेखलं, सासरी, नोकरीत, तेव्हा मी मनातल्या मनात त्या वाडीत जाऊन उभी राहिले. मला काय समजता, माझा बाप माझ्यासमोर गुडघे टेकायचा. हीच माझी पुंजी. आणि आता ती मृणाल विचारते, तुमच्या वडिलांना आहे का हो.

एसटीनं रेवदंडा सोडलं, मुरूड आलं, आगरदांड्याला उतरून आम्ही जेट्टीवर आलो. बोटीत गाड्या चढत होत्या. स्वराज वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभा राहिला, नेहमीसारखा केबिनपाशी गेला नाही. मी बाकावर बसले आणि हिशोब मांडायला लागले. बाईमाणूस शास्त्र शिकली की तिचं असं होतं, रडायच्या वेळी ती तक्ते मांडते. आबांना शेंदरी आणि हिरवं सारखंच दिसत असणार. म्हणून मी. सँडल म्हणूनच. पट्टा कधी निसटलेलाच नसणार, चांगलं घट्ट बकल होतं ते, मी घरी दातांनी सोडवायची. वाकायला निमित्त हवं म्हणून म्हसळ्याहून आणलेले. आणखी एकेक आठवायला लागलं. आईला चैत्रात हिरवं लुगडं आणायला गेले आणि चॉकलेटी घेऊन आले, आईनं आठ दिवस अबोला धरला. मिरच्या वाळत घातल्या की आबांना कधी निवडायला बसवायचं नाही, लाल-हिरव्या सगळ्या एक करून ठेवतात म्हणून आजी ओरडायची, पुरुषमाणसाला घरातलं काम कसलं जमतंय म्हणायची. आणि मी सातवी झाल्यावर अलिबागला मावशीकडे शिकायला आले, त्याच मोसमात आबांनी व्यापाऱ्याचं काम सोडलं. आईनं आकांडतांडव केलं, असलं मानाचं काम कोणी सोडतं का? आबा म्हणाले, कंटाळा आला. मी अलिबागला हे ऐकलं आणि रात्रभर रडले, आनंदानं. माझ्याविना करमत नाही त्यांना, वाडीत पाय टाकवत नाही. घ्या! माझ्याविना करमेना म्हणून नव्हे, माझ्याविना दिसेना म्हणून. बोट दिघीला लागत होती आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पन्नाशी उलटलेली बाई मी, रडत कशासाठी होते, तर एवढ्यासाठी, की आबांना मी हवी होते का माझे डोळे. स्वराजनं बघितलं. त्याला वाटलं त्याच्यासाठीच रडतेय. जवळ येऊन म्हणाला, "आई, असू दे ना. मी दुसरं काही करेन." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवेआगरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वीस सालच्या वादळात आमच्या तुकड्यातली जवळजवळ सगळी झाडं आडवी झाली होती. सदादादानं नवी लावली, ती आता कुठे डोक्याच्या वर गेलीत, दोन-चारांनी यंदा पहिल्यांदा घड धरलेत. वाडीत इतका उजेड मी लहानपणी कधी पाहिला नव्हता. उंच सावल्यांमधून चालायची सवय, आता नुसतं आभाळ. आबा पडवीत खाटेवर बसले होते. चौऱ्याऐंशी पूर्ण, कान शाबूत, गुडघे गेलेले. सदादादा श्रीवर्धनला गेला होता, वहिनीनं चहा ठेवला. "आली का गो," आबा म्हणाले, "आन् ह्यो तर ताडमाड झालाय. बस रे." स्वराज खाली पायरीवर बसला. मी आबांच्या शेजारी टेकले. मनात शंभर तऱ्हेनं वाक्यं जुळवली होती, गोडीनं विचारायचं, आडून विचारायचं. पण माझ्या स्वभावाला आडून येत नाही. मी एकदम म्हटलं, "आबा, ते सँडल तुम्ही मला कशासाठी आणले होते?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. कुठले सँडल, असं विचारलं नाही त्यांनी. चहाची बशी खाली ठेवली, धोतराला हात पुसले. "वाकायला काय तरी कारण नको काय?" ते म्हणाले. इतक्या साधेपणानं म्हणाले, की मला राग धरायलाही जागा उरली नाही. संपलं, मनात म्हटलं, विचारलंस ना, घे आता. वहिनी आतून विचारत होती, जेवायला भाकरी टाकू की भात, आणि मी म्हटलं, काहीही टाक.

"आधी सदाला न्यायचो," आबा बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, नव्या झाडांकडे बघत. "त्याला पण दिसायचं चांगलं. पर त्यानं एकदा वेळासला, भर वाडीत, मालकासमोर इचारलान, आबा, तुमाला दिसत न्हाय काय? ल्हान व्हता, त्याची काय चूक न्हाय. मी कायतरी बोलून येळ मारून नेली. पर परत त्याला न्हेला न्हाय." त्यांनी विडी काढली, पेटवली नाही. "मंग तुला न्यायला लागलो. म्हटलं, बगू. तू येक दिस सुदीक इचारलं न्हाईस. सात वरसं आलीस माझ्याबरूबर. घरात आयशीला सांगितलं न्हाईस, सदाला न्हाय, शाळंत न्हाय. मी राती पडल्या पडल्या म्हणायचो, येवढीशी पोर, हिला सगळं ठाऊक हाय आन् माजा आब राखते." "तू शिकायला ग्येलीस तवा बोर्लीचा शेठ म्हणला, भागोजी, थोरल्याला घे संगतीला. म्हटलं, न्हाय. दुसऱ्या कुणाला सांगायचं माज्यानं व्हनार न्हाय. काम सोडला. ठेवून घेतली असती तुला, तर आनी धा वरसं चाललं असतं माजं. पर तुझी हुशारी वाया ग्येली असती."

मला काय वाटलं ते मी नीट सांगूच शकत नाही. मला काहीएक ठाऊक नव्हतं! मी एक मूर्ख, सुखी पोर होते, मला वाटत होतं बाप माझ्याशी खेळतोय. मी आब राखला नाही, मला राखायचा आहे हेच माहीत नव्हतं. इकडे मी अलिबागपासून रडत आले, की आबांचं प्रेम खोटं होतं का. आणि हा माणूस चाळीस वर्षं माझ्या अशा उपकारांखाली जगत होता, जे मी केलेच नव्हते. खरं सांगावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं. मास्तरकीची खोड, चुकीचं उत्तर दिसलं की लाल शाई काढायची. आबा आता माझ्याकडे बघत होते, त्यांचे ते पाण्यानं भरलेले म्हातारे डोळे, ज्यांना माझ्या अंगावरच्या साडीचा रंग उभ्या जन्मात कळला नसेल. "ठाऊक व्हतं ना तुला?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच विचारत होते, आणि उत्तराची त्यांना भीती वाटत होती, मला ती दिसली.

"हो," मी म्हटलं. "तर! ठाऊक नसायला काय झालं?"

ते हसले. माझ्या मनगटावर हात ठेवून बराच वेळ बसले. त्या हातात अजून ताकद होती. मी खरंच त्या वेळी विसरून गेले होते, की माझा मुलगा पायरीवर बसलाय आणि तो सगळं ऐकतोय. तो उठून उभा राहिला होता. म्हणाला, "आबा, मलापण आहे. आज डॉक्टरनी सांगितलं. मला जहाजावर घेणार नाहीत." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. दोघांनी एकाच गावचं नाव सांगावं तसा तो बोलला. मला वाटलं आता आबा हळहळतील, माझ्यामुळं पोराचं नुकसान म्हणतील, दैवाला दोष देतील. कोणाकडून आलं, कसं आलं, सगळे हेच तर विचारतात, मीही तेच विचारत इथवर आले. आबांनी त्यातलं काही विचारलं नाही. त्यांनी त्याला खाटेवर शेजारी बसायची खूण केली, आणि अगदी कामातल्या माणसासारखं विचारलं, "मंग तुला कोन सांगतंय?"

"काय?"

"रंग. कोन सांगतंय तुला? कोनतरी आसंलच की."

स्वराज माझ्याकडे बघेना. नखानं खाटेचा सुंभ उकरत राहिला. मला तोंडावर आलं होतं, अहो आबा, त्याला स्वतःलाच आज कळलं, त्याला कोण कशाला सांगेल? मी त्याच्या घरात राहणारी, हाच विषय शिकवणारी, मला पत्ता नाही. तो म्हणाला, "आतिफा." मी चमकले. आतिफा त्याच्या वर्गातली, रेवदंड्याहून येते, वडील दुबईला असतात. प्रॅक्टिकलच्या टेबलावर दोघं शेजारी, एवढंच मला माहीत. "केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला," तो आबांनाच सांगत होता, "थेंब थेंब सोडायचे असतात, आणि पाणी फिकट गुलाबी झालं की थांबायचं. मला ते दिसतच नाही. मला वाटायचं मी बावळट आहे. तर ती शेजारून पेन टेबलावर वाजवते. वाजवलं की मी थांबतो. पहिल्यांदा तिनं आपणहूनच वाजवलं. सगळ्यांना वाटतं माझी रीडिंग्ज वर्गात बेस्ट असतात."

माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते काही सगळंच चांगलं नव्हतं. आडनाव येऊन गेलं, लोक येऊन गेले, माझ्या जागी दुसरं कोणी उभं असल्याची कळ येऊन गेली. घराणं बघू नका म्हणून जगाला सांगणारी मी. आबांना त्यातलं काही सुचलं नाही. ते मन लावून ऐकत होते, आपल्या धंद्यातली गोष्ट ऐकावी तसे.

"तिला ठाऊक हाय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. आम्ही त्यावर बोललोच नाही कधी. तिनं एकदापण विचारलं नाही."

"इचारलं न्हाय?" आबा मागं टेकले. "मंग ठाऊक हाय तिला."

स्वराजनं माझ्याकडे पाहिलं. खरं का, असं विचारल्यासारखं पाहिलं, कारण त्याच्या लेखी या घरात ठाऊक असूनही न विचारणारी, अशी मी एकटीच होते. मी पदर सावरला आणि त्याला म्हटलं, "हो रे. ठाऊकच असतं."